‘श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा पत्रा’ विकत घेण्याआधी हे वाचा

२७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला उतरलेल्या पहिल्या डाकोटा विमानाचा अस्सल पत्रा, असं सांगून ॲल्युमिनियमचे तुकडे विकणारा एक माणूस सध्या जुन्या वस्तू जमवणाऱ्यांच्या मागे लागला आहे. सोबत लाकडी चौकट, विमानाचा ‘संपूर्ण सेवा-इतिहास’ आणि सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र. आमच्या घरातून त्याला ३८,००० रुपये गेले. पैसे परत मिळालेले नाहीत, आणि त्याचा धंदा चालूच आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

बाबा हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा आणि पत्रा दुरुस्त करणारे, होते. नोकरीतली सुरुवातीची बरीच वर्षं डाकोटावर गेली. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला ताईने आणि मी मिळून हा तुकडा घेतला. विकणाऱ्याने फोनवर तासभर माहिती दिली आणि त्यातली निम्मीअधिक खरी होती. फसवणूक बेमालूम झाली ती यामुळेच.

खरं काय ते आधी सांगतो. टोळीवाले श्रीनगरच्या तोंडाशी आले असताना दिल्लीहून पहिल्या शीख पलटणीचे जवान घेऊन जी विमानं निघाली, त्यांत १२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं व्हीपी ९०५ हे डाकोटा पहिलं उतरलं. आज हवाई दलाकडे ‘परशुराम’ नावाचं उडतं डाकोटा आहे आणि त्याच्या शेपटीवरही व्हीपी ९०५ लिहिलेलं आहे. ते भंगारात जाण्याच्या वाटेवर असताना तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी विकत घेतलं, ब्रिटनमध्ये दुरुस्त करवलं आणि डाकोटा उडवलेल्या आपल्या वडिलांच्या वतीने हवाई दलाला भेट दिलं. मे २०१८ मध्ये ते हिंडन तळावर दाखल झालं. पण त्याआधी हे विमान ब्रिटनमध्ये जी-एएमएसव्ही या नागरी नोंदणीने उडत होतं. १९४७ चं विमान वेगळं, हे वेगळं. त्या मोहिमेच्या सन्मानार्थ नंबर दिला आहे, आणि हवाई दलाने ही गोष्ट कधीच लपवलेली नाही.

विकणाऱ्याने या दोन विमानांची चरित्रं जोडून एक केली. त्याच्या कागदानुसार तेच विमान श्रीनगरला उतरलं, १९४९ मध्ये इंडियन एअरलाइन्सला विकलं गेलं, तिथून ब्रिटनला गेलं आणि दुरुस्तीच्या वेळी त्याचा ‘गोळी लागलेला मूळ पत्रा’ काढून टाकण्यात आला. कागदावर वर ‘परशुराम’चा सुंदर फोटो. नंबर जुळतो, बातम्या जुळतात, मग शंका कुणाला येणार?

बाबांना आली. कार्यक्रम आटोपल्यावर त्यांनी चष्मा लावला, चौकटीचे खिळे काढायला लावले आणि पत्रा उलटा केला. मागच्या हिरवट प्रायमरखाली पुसट शाईचे अक्षर दिसत होते. ओल्या बोळ्याने हळूहळू पुसत गेले, तेव्हा २०२४-टी३ असा मिश्रधातूचा क्रमांक वाचता आला.

“अरे, हा पत्रा त्या वेळी असणंच शक्य नाही,” म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. युद्धकाळातल्या डाकोटांना लागलेल्या मिश्रधातूचं नाव होतं २४ एस, आणि पत्र्यावर तसाच शिक्का असायचा. त्याच धातूला २०२४ म्हणू लागले ते १९५४ मध्ये, चार आकडी पद्धत आली तेव्हापासून. जुन्या विमानाला नंतर ठिगळ म्हणून २०२४ मिश्रधातूचा पत्रा लागू शकतो, कित्येकांना लागलाही आहे. पण १९४७ मध्ये गोळी खाल्लेल्या पत्र्यावर तो शिक्का येणार नाही. आणि गोळीचं ते भोक! पूर्ण गोल, कडेला ड्रिलने उठलेले धातूचे बारीक कंगोरे, आत चकचकीत कोरा धातू. गोळी पत्रा आत दाबते, फाडते. इथे कड जराही वाकलेली नव्हती. पत्रे जोडणारे रिव्हेटही एका बाजूने ओढून बसवायचे पोकळ पॉप रिव्हेट. विमानाच्या अंगावर दोन माणसं दोन्ही बाजूंनी ठोकायची ते भरीव रिव्हेट बाबांनी हजारोंनी बसवले आहेत.

पुढे मी तो कागदच तपासायला घेतला. इंडियन एअरलाइन्स सुरू झाली १ ऑगस्ट १९५३ ला, राष्ट्रीयीकरणानंतर आठ खासगी कंपन्या एकत्र करून. १९४९ मध्ये ती विमान घेणार कुठून? कारखाना ओक्लाहोमा सिटी लिहिला होता आणि मॉडेलच्या शेवटी डीएल. डीएल म्हणजे लाँग बीच, ओक्लाहोमाच्या विमानांना डीके असायचं. अमेरिकी लष्कराने विमानाला दिलेल्या सीरियल नंबरचे पहिले दोन आकडे हे विमान तयार झाल्याचं साल म्हणून दिले होते. ते ऑर्डरचं आर्थिक वर्ष असतं.

असा तुकडा कुणी दाखवला तर शेपटीवरच्या नंबरावर भाळू नका. तो रंगाने लिहिलेला असतो; विमान हवाई दलातून कंपनीकडे गेलं, देश बदलला, की तोही बदलतो. कारखान्याने दिलेला कन्स्ट्रक्टर नंबर मात्र जन्मभर तोच. तो मागा, आणि त्या नंबरापासून आजपर्यंतची प्रत्येक मालकी सलग दाखवायला सांगा. ओक्लाहोमाच्या पुष्कळ विमानांना असे दोन नंबर मिळालेले आहेत, त्यामुळे दोन दिसले तर ते खोटं समजू नका. इंजिनाची पाटी दाखवून कुणी विमान सिद्ध करत असेल तर ऐकू नका. डाकोटाची ट्विन वास्प इंजिनं सर्रास बदलली जात; विमानाचं लॉगबुक वेगळं, इंजिनाचं वेगळं. आणि पैसे देण्याआधी मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो हवाच. आम्हाला त्याने फक्त पुढचे फोटो पाठवले होते.

जाब विचारल्यावर त्याने आधी “ठिगळ असेल” म्हटलं, मग १९४९ ची चूक ‘टायपिंगची’ ठरवली, मग फोन उचलणं बंद केलं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, बँकेलाही लेखी कळवलं आहे. मागच्या आठवड्यात एका मित्राला त्याच मजकुराची जाहिरात आली, नाव नवीन आणि पत्रा या वेळी हैदराबादच्या एका विमानाचा. भोक तेवढंच गोल. तुमच्याकडे असा तुकडा आला असेल तर चौकट, पाकीट आणि पैसे दिल्याची पावती फेकू नका, पत्र्याच्या मागच्या शिक्क्याचा फोटो काढा आणि तक्रार करताना तो जोडा.