म्हापशातील फुटबॉलप्रेमींचे उपाहारगृह
म्हापसा बाजाराजवळच्या या छोट्या उपाहारगृहात ६ जून २०२४ रोजी भारतीय फुटबॉल संघाचे तेव्हाचे कर्णधार सुनील छेत्री यांचा कुवेतविरुद्धचा निरोपाचा सामना दाखवला गेला. गोलशून्य बरोबरीनंतरही गिऱ्हाइके बोलत बसली आणि मालकांनी, कौतुकाची गोष्ट म्हणजे, कोणालाही उठण्याची घाई केली नाही. ९४ आंतरराष्ट्रीय गोलांची चर्चा झालीच, परंतु जुन्या मंडळींना अधिक भरून आले ते २००९-१० मध्ये आय-लीग ही तेव्हाची देशातील अव्वल फुटबॉल स्पर्धा जिंकणाऱ्या गोव्याच्या धेंपो संघातील, उंची बेताची असूनही बचावपटूंच्या वर झेपावून हेडर मारणाऱ्या तरुण छेत्रींच्या आठवणीने. रस ऑम्लेट (मसालेदार रश्श्यातले ऑम्लेट) उत्कृष्ट होते, पाव ताजा होता. कटलेट मात्र तेलकट वाटले. जागा अपुरी असल्याने सामन्याच्या दिवशी लवकर पोहोचावे.