चार फुटी लाकडी व्हिवेरियम: एका बिअर्डीसाठी छान, ‘दोन जातींचं घर’ म्हणून मात्र घेऊ नका

आधी निकाल सांगते, मग कारणं. व्हिवेरियम, म्हणजे सरडे-पाली पाळायची काचेच्या दाराची पेटी, चांगली आहे. तिच्यात दोन जाती एकत्र राहू शकतात हा खोक्यावर छापलेला दावा मात्र चुकीचा आहे, आणि त्या दाव्यावर विश्वास ठेवून कुणाच्या घरात एखादा मुका जीव हकनाक जाऊ शकतो, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय. कंपनीला मी लेखी कळवलं आहे. त्यांचं उत्तर यायचं आहे, तोवर नाव इथे देत नाही.

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. घरात दोन प्राणी आहेत. दगडू हा बिअर्डेड ड्रॅगन (लाडाने बिअर्डी), म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या प्रदेशातला सरडा, गळ्याखाली काटेरी दाढी असलेला. आणि बुंदी ही लेपर्ड गेको. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य टोकाकडच्या खडकाळ भागातली ही पाल, अंगावर ठिपके आणि डोळ्यांना चक्क पापण्या. आपल्या भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, आणि बुंदीला भिंत चढता येत नाही, कारण तिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नाहीत. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दगडू मोठा झाला तशी त्याला नवी पेटी हवी होती. इथे प्रौढ बिअर्डीसाठी १२० × ६० × ६० सेंटिमीटर हे किमान माप धरतात. मी घेतलेल्या संचात पेटी, यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरण देणारी टी-५ ट्यूब, ऊब देणारा हॅलोजन दिवा, तो कमी-जास्त करून तापमान राखणारा डिमिंग थर्मोस्टॅट, एक पाटीच्या दगडाचा तुकडा आणि दोन गुहा, असं सगळं अडीचशे पौंडांच्या आत मिळालं. संचाचं नाव ‘कम्युनिटी’. खोक्यावर चित्र असं की फांदीवर बिअर्डी ऊन खातोय आणि खाली गुहेतून लेपर्ड गेको डोकावतेय. दुकानातल्या मुलानेही तेच ऐकवलं: दोघंही वाळवंटातले, एक दिवसा जागा, एक रात्री, त्यांची गाठच पडणार नाही.

जोडणी सोपी. फळ्या जाड, काच सरळ सरकते, मागे वर-खाली जाळीच्या झरोक्यांमुळे हवा खेळती राहते. सांध्यांना सिलिकॉन लावलेलं येत नाही, ते मत्स्यालयाचं घेऊन आपणच लावा, नाहीतर पाणी सांडलं की लाकूड फुगेल. काचेला कुलूप वेगळं घ्यावं लागतं. घरात लहान मूल असेल तर ते घ्याच.

आता मुख्य गोष्ट. दगडूला आत सोडण्याआधी मी पेटी रिकामीच चालवली आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने जागोजागी मोजमाप घेतलं. दिव्याखालच्या दगडावर ४१ अंश, मधोमध ३१, थंड टोकाला २६. बिअर्डीसाठी हे अगदी हवं तसं आहे. सकाळी तो ४० अंशांच्या आसपास अंग तापवतो आणि मग थंडाव्याकडे सरकतो. पण चित्रातली गेकोची गुहा थंड टोकाला आहे, आणि तिथे भरदुपारी २५ अंश भरले. लेपर्ड गेकोला अन्न पचवायला ३२ अंशांच्या आसपास ऊबदार गुहा लागते, कारण ती उघड्यावर ऊन खात बसण्यापेक्षा गरम दगडाखाली दडून ऊब घेते. तशी जागा या पेटीत एकच: दगडूच्या दगडाखाली. म्हणजे बुंदीने दिवसभर आपल्याहून कितीतरी मोठ्या प्राण्याच्या पोटाखाली अडकून पडायचं. आणि तिथून निसटायचं म्हटलं तर तिला काच किंवा भिंत चढता येत नाही.

प्रकाशाचीही तीच कथा. इथल्या सरीसृपप्रेमींच्या मंडळातल्या एका आजोबांकडे यूव्ही निर्देशांक मोजायचा मीटर आहे. महागडी वस्तू, पण त्यांनी विश्वासाने दिली. दगडावर ४ च्या वर, थंड टोकाच्या जमिनीवर ०.९. फर्ग्युसन आणि सहकारी संशोधकांनी २०१० मध्ये निसर्गातले सरीसृप दिवसभरात किती अतिनील किरण घेतात ते मोजून त्यांचे चार गट पाडले. लेपर्ड गेको पहिल्या गटात बसते, सरासरी ०.७ पर्यंत. बिअर्डी तिसऱ्यात, सरासरी १ ते २.६ आणि भर उन्हात त्याहून बराच जास्त. दगडूला पुरेशी ट्यूब लावली की बुंदीला सावलीतून बाहेर यायची सोय उरत नाही. बुंदीच्या बेताने मंद ट्यूब लावली तर दगडूच्या शरीरात डी-३ जीवनसत्त्व पुरेसं तयार होणार नाही, कॅल्शियम अंगी लागणार नाही आणि हाडं मऊ पडतील. हा आजार इथले पशुवैद्य वरचेवर पाहतात. चार फुटांच्या एका पेटीत दोन हवामानं बसत नाहीत, एवढंच माझं म्हणणं आहे. याच संचाच्या पत्रकात क्रेस्टेड गेकोही ‘चालेल’ म्हटलंय, ते वाचून तर मी हबकलेच. ती न्यू कॅलेडोनिया या पॅसिफिक बेटावरच्या दमट झाडीतली, २८ अंशांच्या वर गेलं की तिचा जीव कासावीस होतो. एकाच खोलीत जैसलमेर आणि महाबळेश्वर थाटण्यासारखं आहे हे.

राहिला ‘गाठच पडणार नाही’ हा मुद्दा. दिवे मालवले की बिअर्डी दिव्याखाली राहत नाही, बहुधा थंड टोकाला कोपऱ्यात जाऊन झोपतो. नेमक्या त्याच वेळी गेको उठते आणि शिकारीला निघते. म्हणजे रोज संध्याकाळी गाठ ठरलेलीच. प्रौढ बिअर्डी शेपटीसकट ४५ ते ६० सेंटिमीटर, लेपर्ड गेको २० ते २५. हलणारं आणि तोंडात मावेल ते बिअर्डी खातो, मग ती झुरळं असोत की एखादी लहान पाल. चावा बसला नाही तरी घाबरलेली गेको शेपूट टाकते, आणि तिची बरीचशी चरबी त्या जाड शेपटीत साठवलेली असते.

आणि भांडण नेहमी डोळ्यांना दिसेलच असं नाही. दुकानात दोन सरडे एकावर एक बसलेले दिसले की लोक कौतुकाने फोटो काढतात, ‘किती माया आहे बघा’ म्हणतात. खरं तर वरचा सरडा खालच्याच्या वाटची दिव्याची ऊब बळकावत असतो. खालचा हळूहळू खाणं सोडतो, काळवंडतो, आणि आपण म्हणतो की हा स्वभावानेच शांत आहे. माझ्या लेकीला मी हे नीट समजावलं, कारण बुंदीला ‘एकटं वाटतं’ म्हणून तिला फार वाईट वाटायचं. बुंदीला एकटं वाटत नाही. तिला सुरक्षित वाटायला हवं.

आजारांची भीती मला सगळ्यात जास्त वाटते. लेपर्ड गेकोंमध्ये क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी आढळतो. खाऊनही अंगाला लागत नाही, शेपूट काडीसारखी होते, आणि खात्रीचा इलाज नाही. बिअर्डींमध्ये अ‍ॅडिनोव्हायरस असतो. दोन्ही वागवणारा प्राणी बाहेरून ठणठणीत दिसू शकतो. क्रिप्टोची बीजं घरातल्या ब्लीचलाही दाद देत नाहीत. म्हणून आमच्याकडे दोघांचे चिमटे, वाट्या आणि फडकी वेगवेगळी आहेत, आणि नवा प्राणी आणला की विष्ठा तपासून येईपर्यंत तो दुसऱ्या खोलीत राहतो.

निसर्गात अनेक जाती एकत्र नांदतात, हेही दुकानात ऐकवतात. नांदतात, पण पळायला जागा असते म्हणून. फ्लोरिडातल्या छोट्या बेटांवरचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तपकिरी अ‍ॅनोल सरडे आल्यावर तिथले मूळचे हिरवे अ‍ॅनोल झाडांवर आणखी उंच सरकले, आणि सुमारे वीस पिढ्यांत त्यांच्या बोटांच्या गाद्या मोठ्या झाल्या. एकमेकांना टाळण्यासाठी त्यांनी शरीरं बदलली! दोन फूट उंचीच्या पेटीत कोण कुठे सरकणार? प्राणिसंग्रहालयांत मिश्र दालनं असतात, ती मी आवडीने बघते. पण तिथे जागा प्रशस्त, रोज लक्ष ठेवणारी माणसं, हाताशी पशुवैद्य, आणि बिनसलं तर लगेच हलवायला मागे रिकाम्या पेट्या असतात.

इथल्या २००६ च्या प्राणीकल्याण कायद्यात प्राण्याच्या ज्या गरजा पाळणाऱ्याने भागवायच्या आहेत त्यांत एक अशी: इतर प्राण्यांसोबत, किंवा त्यांच्यापासून वेगळं, ठेवण्याची त्याची जी गरज असेल ती. दुकानातल्या मुलाला मी हे वाचून दाखवलं. रागावले नाही, त्यालाही कुणी शिकवलेलं नसणार.

माझा पुण्यातला भाऊ हे वाचेल म्हणून दोन ओळी. दादा, तिकडे इग्वाना घ्यायचा विचार असेल तर २०२२ ची वन्यजीव कायद्यातली दुरुस्ती आधी बघ. अशा परदेशी प्राण्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. घोरपड तर पहिल्या परिशिष्टात आहे, तिला हातही लावायचा नाही.

पेटी म्हणून पाचपैकी चार. ‘कम्युनिटी’ संच म्हणून शून्य. घ्यायचीच तर नुसती पेटी मागा आणि ट्यूब ३४ इंची, परावर्तकासकट, वेगळी घ्या. संचातली ट्यूब आखूड आहे, मी ती बदलली. डिमिंग थर्मोस्टॅट उत्तम निघाला, तापमान एका अंशाच्या आत राखतो. छोटी गुहा बिअर्डीच्या काही कामाची नाही, ती मी बुंदीच्या पेटीत ठेवली. तिची तीन फुटी पेटी दुसऱ्या भिंतीला आहे, दगडू दिसणार नाही अशी, कारण काचेपलीकडे मोठा सरडा दिसत राहिला तरी ती बाहेर यायला कचरते.