दापोलीची थंडी आणि काळी स्क्रीन: जुन्या लॅपटॉपचे नऊ महिने

मे महिन्यात हा वापरलेला लॅपटॉप घेतला, बागेचा हिशेब आणि आंब्याच्या ऑर्डरी लिहायला. कीबोर्ड उत्तम, बॅटरी अडीच तास, स्क्रीन उजेडात जरा फिकी. पावसाळ्यात काही तक्रार नव्हती.

त्रास सुरू झाला जानेवारीत. दापोलीत पहाटे पारा १०-१२ अंशांवर उतरतो. आंब्याच्या मोहोराला ती थंडी हवीच असते, लॅपटॉपला मात्र सोसेना. सकाळी सहाला पडवीत बटण दाबलं की दिवा लागायचा, पंखा फिरायचा, स्क्रीन काळीच. पाच-सहा वेळा बंद-चालू केल्यावर कधीतरी उठायचा. नऊ वाजता पडवीत ऊन आलं की पहिल्याच दाबात सुरू! शिवाय घड्याळ मागे पडलेलं.

घड्याळाचं कारण सोपं होतं. आतला ३ व्होल्टचा सीआर २०३२ सेल उतरला होता. तो बदलला, तारीख टिकली, पण स्क्रीन तशीच. एका दुकानात सांगितलं, ‘मदरबोर्ड गेला, नवीन घ्या.’ मला पटेना. बोर्ड गेला असता तर ऊन आल्यावर तरी कसा चालला असता?

थंडीत लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, म्हणून पहिला संशय तिच्यावर. या मॉडेलची बॅटरी बाहेर निघते. एका रात्री बॅटरी पडवीत आणि लॅपटॉप माजघरात ठेवला: सकाळी बॅटरी लावताच सुरू. दुसऱ्या रात्री उलट केलं: काळी स्क्रीन. बॅटरी निर्दोष ठरली.

मग चार्जर आणि बॅटरी काढून, बटण अर्धा मिनिट दाबून धरलं आणि मागचं झाकण उघडलं. दोन रॅमपैकी (मेमरीची छोटी कार्डं; त्यांचा संपर्क सुटला की स्क्रीन काळीच राहते) एकीच्या सोनेरी पट्ट्या काळपट दिसल्या. चार महिन्यांचा दमटपणा आणि खारा वारा तिथे बसला होता. थंडीत धातू आणि प्लॅस्टिक सारखे आकसत नाहीत, त्यामुळे आधीच कमजोर झालेला संपर्क सुटत असावा. पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने पुसल्या, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलं, पूर्ण वाळू दिलं, दोन्ही रॅम नीट दाबून बसवल्या. त्यानंतर जानेवारीतल्या उरलेल्या प्रत्येक पहाटे तो पहिल्या दाबात उठला.

कृपा करून गार लॅपटॉपवर ड्रायरची गरम हवा मारू नका, प्लॅस्टिक वाकतं. दव बसलेला असेल तर बंदच ठेवून घरात तासभर राहू द्या. आमचा आता रात्री माजघरातल्या फडताळात असतो, सिलिका जेलच्या पुडीशेजारी.