पेठेचा आराखडा जपायचाय: क्यूजीआयएस की स्पेस सिंटॅक्स?

जुन्या पेठेची रचना वाचवायला संगणकाची मदत घ्यायची म्हटलं की दोन वाटा दिसतात. सिटी सर्व्हेचे नकाशे क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत चढवायचे, की स्पेस सिंटॅक्स या पद्धतीने रस्त्यांचं जाळं तपासायचं? क्यूजीआयएस आणि स्पेस सिंटॅक्सची आकडेमोड करणारी डेप्थमॅपएक्स, दोन्ही प्रणाली फुकट मिळतात. प्रश्न आहे तो वेळ कुठे घालायचा याचा. मी पुण्याची कसबा पेठ डोळ्यांपुढे ठेवून लिहितोय.

क्यूजीआयएसचं काम किचकट. देवळाचा कोपरा, जुनी भिंत असे जागचे न हललेले बिंदू पकडून स्कॅन केलेला नकाशा आजच्या नकाशावर बसवावा लागतो. मग प्रत्येक मिळकतीची हद्द, मजले, वापर भरत जायचं. पण फळ मोठं आहे. तांबट आळीसारख्या कारागिरांच्या गल्लीची चण टिकते ती अरुंद तोंडाच्या, आत खोल गेलेल्या लहान मिळकतींवर. अशा तीन मिळकती एकत्र करून खाली पार्किंग, वर मजले उभे राहिले, की रस्ता नकाशावर जसाच्या तसा राहतो आणि आळी मात्र गेलेली असते. जुन्या-नव्या हद्दी एकमेकांवर ठेवल्या की हे लगेच दिसतं. स्पेस सिंटॅक्सला दिसत नाही, कारण त्याच्या लेखी रस्त्याची रेघ बदललेलीच नाही.

स्पेस सिंटॅक्स लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बिल हिलियर आणि जुलिएन हॅन्सन यांनी घडवलं. त्यांचं मूळ पुस्तक 1984 चं. रस्त्यांच्या रेघा करायच्या आणि वळणं मोजायची. कमी वळणांत सगळीकडून गाठता येणाऱ्या रेघेचं ‘इंटिग्रेशन’ जास्त. ज्या रेघेवरून सोयीचे मार्ग वारंवार जातात तिची ‘चॉइस’ जास्त. एखादा बोळ बुजवला किंवा नवा रस्ता फोडला तर रहदारी कुठे सरकेल, याचा आधीचा-नंतरचा अंदाज ते देतं. आक्षेप नोंदवताना असे आकडे हाती असले तर बोलण्याला वजन येतं.

दोन ठिकाणी मात्र हमखास चूक होते. नकाशा मुठेच्या काठाशी कापला, तर नदीकडचे रस्ते उगीचच आडबाजूचे ठरतात. पूल आणि पलीकडचं शिवाजीनगर धरायलाच हवं. आणि तयार नकाशांत बारीक बोळ, वाड्याच्या दिंडीतून, म्हणजे छोट्या दारातून, मागच्या गल्लीत निघणारी वाट बऱ्याचदा नसते. ती एक रेघ सुटली की मागच्या गल्लीची वळणं वाढतात आणि रोजच्या पायाखालची जागा संगणकाला कोपऱ्यातली वाटते.

माझं मत स्पष्ट आहे: हाताशी महिना-दोन महिने असतील तर क्यूजीआयएसपासून सुरुवात करा. तिथल्याच नकाशाच्या थरातून पुढे रस्त्यांच्या रेघा काढून डेप्थमॅपएक्समध्ये नेता येतात. रस्तारुंदीची नोटीस आधीच लागली असेल, तर क्रम उलटा. दोन्ही वेळा एक सकाळ वही घेऊन बोळांतून चाला, आणि कुठली दिंडी अजून उघडते ते तिथल्या जुन्या भाडेकरूंना विचारा.