पॅरिसच्या मेट्रोत आमचे २२० युरो गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून

पॅरिसच्या गार द्यू नॉर स्टेशनवर तिकिटाच्या मशीनपाशी कोणी आपणहून मदतीला आला, तर त्याच्याशी बोलणंच टाळा. नाही म्हणा आणि काउंटरच्या रांगेत जाऊन उभे राहा, रांग कितीही लांब असली तरी. लंडनहून यूरोस्टारने आम्ही तिथे उतरलो आणि हॉटेलात पोचायच्या आत आमचे २२० युरो गेले. परदेशात असले प्रकार होतात हे आम्हाला माहीत नव्हतं असं अजिबात नाही. पाकिटं आतल्या खिशात, बॅगा पोटाशी, अशीच आमची वरात चालली होती. पण ज्याने लुबाडलं त्याने आमच्या खिशाला हातही लावला नाही. त्याने पैसे मागितले आणि आम्ही ते मोजून दिले.

आम्ही चौघं होतो: मी, नवरा, सासूबाई आणि सात वर्षांचा मुलगा. लंडनमध्ये बँकेचं कार्ड गेटला टेकवलं की आत जाता येत होतं. पॅरिसच्या मेट्रोत ते चालत नाही. आधी नाविगो कार्ड घ्यायचं, त्यावर तिकीट किंवा पास भरायचा, आणि प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं. शनिवारची दुपार, मशीनपुढे ही गर्दी, सासूबाईंचे गुडघे धरलेले, मुलगा भुकेने रडकुंडीला आलेला, आणि मागच्या माणसाची सुटकेस माझ्या टाचेला घासत होती. घरी बसून वाचताना ‘एवढंही कळलं नाही?’ असं म्हणणं सोपं आहे. त्या गर्दीत उभं राहून बघा.

तो आला तेव्हा आम्ही स्क्रीनवरची भाषा बदलायच्या खटपटीत होतो. तिशीचा असेल. निळं जाकीट, गळ्यात फीत, फितीला ओळखपत्र; तेही उलटं लटकलेलं, फोटोची बाजू छातीकडे. इंग्रजी चांगलं बोलत होता. कुठे जायचंय, किती दिवस राहणार, सगळी चौकशी केली. मग म्हणाला, एकेक तिकीट काढून कशाला पैसे घालवता, आठवड्याचा पास घ्या, विमानतळापर्यंत चालतो. माणशी ३२ युरो, चौघांचे १२८. नवऱ्याने फोनवर शोधलं, तर आठवड्याच्या पासचा २०२५ चा दर खरोखरच ३१.६० युरो होता. लुबाडणारा माणूस दर फुगवून सांगेल अशी आपली समजूत असते. याने जवळजवळ बरोबर दर सांगितला आणि तिथेच आमचा विश्वास बसला.

त्याने मला कार्ड मशीनमध्ये घालायला सांगितलं. घातलं. पिन टाकायला बोट पुढे नेते तोवर त्याने कीपॅडवरचं लाल बटण दाबलं. स्क्रीनवर फ्रेंचमध्ये काहीतरी आलं. तो म्हणाला, बाहेरची कार्डं हे मशीन घेत नाही. मी माझ्या कार्डावरून भरतो, तुम्ही मला रोख द्या. लाल बटण दाबताना मी त्याला पाहिलं होतं. लंडनमध्ये साधी कॉफी घेतली तरी फोनवर बँकेचा मेसेज यायचा. इथे काहीच आलं नाही. पैसे गेल्याचा मेसेज नाही, व्यवहार फसल्याचाही नाही. म्हणजे कार्ड कोणी नाकारलंच नव्हतं, मामला बँकेपर्यंत पोचलाच नव्हता. तेव्हाच तिथून निघायला हवं होतं.

आणि दुसरी गोष्ट आठवली की अजून अंगाची लाही लाही होते. ती चार कार्डं मशीनमधून आली नाहीत. त्याने जाकिटाच्या आतल्या खिशातून काढली, पत्त्यांच्या कॅटमधून काढावीत तशी. एकेक कार्ड मशीनवर ठेवून तो भराभर बटणं दाबत होता आणि डावा तळहात स्क्रीनच्या कडेवर धरला होता. तो हात एकदा सरकला आणि मला १,२५ असा आकडा दिसला. तिकडे दशांशाला स्वल्पविराम देतात हे मला ठाऊक होतं. सव्वा युरो. ३२ युरोच्या पासात हा सव्वा युरो कसला? प्रश्न डोक्यात आला आणि तेवढ्यात मुलाने बाही ओढली. ही माणसं लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असलेलीच कुटुंबं हेरतात, याची मला आता खात्री आहे. स्क्रीनवर कोणी हात ठेवला, तर तो हात बाजूला करा. उद्धटपणा वाटला तर वाटू दे.

नवऱ्याने १३० युरो दिले: ५० च्या दोन नोटा, एक २० ची, एक १० ची. त्याने खिसे चाचपून २ युरोचं नाणं काढलं आणि परत दिलं. “सचोटीचा दिसतो हो मुलगा,” सासूबाई म्हणाल्या. मग तो गेटपर्यंत आला, चौघांची कार्डं टेकवून गेट उघडताना पाहिलं, माझ्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेला. पावती दिली नाही. पावतीशिवाय तिथे एक युरोसुद्धा कोणाच्या हातावर ठेवू नका.

कार्डं खरी होती, हीच यातली मेख आहे. प्रत्येकावर एक तिकीट होतं, तेही अगदी खरं, पण लहान मुलांचं. २०२५ मध्ये मोठ्यांचं मेट्रोचं तिकीट २.५० युरोचं होतं, मुलांचं १.२५ चं. कोरं नाविगो ईझी कार्ड, म्हणजे त्याने दिलं ते साधं नाविगो, २ युरोला मिळतं. म्हणजे चौघांचे मिळून त्याचे १३ युरो गेले आणि ११५ त्याला सुटले. गेट उघडतं, हिरवा दिवा लागतो, माणूस निर्धास्त होतो. आणि ज्या पासाचे आम्ही पैसे मोजले तो त्या दिवशी मिळणारच नव्हता! आठवड्याचा पास सोमवार ते रविवार असा असतो. शुक्रवारपासून पुढच्याच आठवड्याचा देतात. शिवाय तो नाविगो ईझीवर चढतच नाही. त्याला फोटो लावलेलं ५ युरोचं वेगळं कार्ड लागतं, नाहीतर तो फोनवर घ्यावा लागतो. हे इतके बारकावे आठवडाभरासाठी आलेल्या पाहुण्याला कुठून माहीत असणार?

४ नंबरच्या मेट्रोने शातलेला उतरून आम्हाला १ नंबरची गाडी पकडायची होती. शातले स्टेशनातल्या त्या लांबच लांब बोळात तपासनीसांचं टोळकं उभं होतं. कार्डं तपासली. चौघांत एकट्या मुलाचं तिकीट नियमात बसत होतं. आम्हा तिघांना माणशी ३५ युरो दंड, एकूण १०५. कार्डं आणि तिकिटांचे १३ युरो सोडले तरी आधीचे ११५ आणि हे १०५, असे २२० गेले. आम्ही सगळं सांगितलं: जाकीट, ओळखपत्र, १२८ युरो. त्यांनी ऐकून घेतलं, एकाने खांदे उडवले आणि पैसे भरायचं मशीन पुढे केलं. आत्ता भरा, नंतर रक्कम वाढते. माझं तेच कार्ड त्यांच्या मशीनवर पहिल्या झटक्यात चाललं आणि बँकेचा मेसेजही लगेच आला. सासूबाईंना आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी विनातिकीट म्हणून अडवलं होतं. सगळ्यांदेखत त्यांचे डोळे भरून आले. तो दंड मी विसरेन, हे नाही विसरणार.

संध्याकाळी मी आणि नवरा परत गार द्यू नॉरला गेलो. काउंटरवरच्या बाईने कार्डं तपासली आणि म्हणाली, तिकिटं आमच्याच मशीनवर भरलेली आहेत, खरी आहेत, मग तक्रार कशाची? तो माणूस तुमचा कर्मचारी म्हणून वावरत होता, असं म्हटलं तर म्हणाली, आमचा नाही, असे लोक रोज येतात. रोज येतात! तुम्हाला माहीत आहे, तरी मशीनपाशी तुमचं एक माणूस नाही? दंड वसूल करायला बोळात अख्खं टोळकं उभं करता येतं, मग प्रवाशाला तिकीट काढून द्यायला एक जण का उभा करता येत नाही? मशीनच्या वर कॅमेरा होता. बोट दाखवलं तर उत्तर आलं, चित्रीकरण फक्त पोलिसांना मिळतं. पोलीस म्हणाले, चित्रीकरण मागवायचं तर आधी तक्रार नोंदलेली हवी. तक्रार नोंदवायची तर आधी ऑनलाइन भरा, मग वेळ घेऊन या. भरली. मिळालेली वेळ आमच्या परतीच्या विमानानंतरची होती. तिथल्या अधिकाऱ्याने रक्कम विचारली आणि ऐकून पेन खाली ठेवलं. खिसेकापूंपासून सावध राहा अशी घोषणा स्टेशनात सारखी होत असते, पण या मशीनशेजारच्या लोकांबद्दल आम्ही होतो तेवढ्या वेळात मी एक अक्षर ऐकलं नाही.

प्रवास विमा कंपनीनेही हात वर केले. पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने दिलेत, ही चोरी धरता येत नाही. पोलिसांचा कागद तरी आणा, असं म्हणाले. तो आमच्याकडे कुठून असणार?

नाविगो कार्ड कुठूनही आलेलं असो, गेटकडे जायच्या आधी कुठल्याही मशीनवर ठेवा. त्यावर काय भरलंय ते स्क्रीनवर दिसतं. त्याला अर्धं मिनिट लागतं. त्याहून बरं म्हणजे तिकीट फोनवरच घ्या. मे २०२४ पासून आयफोनवरही घेता येतं. दिवसाच्या पासावर विमानतळाला जाऊ नका, तो तिथे चालत नाही. विमानतळाचं तिकीट वेगळं, २०२५ मध्ये ते १३ युरोचं होतं. कार्ड चालत नाही असं कोणी म्हणालं तर दुसऱ्या मशीनवर जाऊन स्वतः लावून बघा. रोख काढू नका. स्टेशनात किंवा गाडीत असं काही घडताना दिसलं तर ३११७ हा तिथल्या रेल्वे-मेट्रोचा नंबर आहे, जीव धोक्यात वाटला तर ११२. दंड झालाच तर पावती आणि कार्ड दोन्ही जपून ठेवा, आक्षेप लेखीच घेतात.

आम्ही घेतला. दोन्हींचे फोटो जोडून पत्र पाठवलं. उत्तर फ्रेंचमध्ये आलं, दंड नियमानुसार असल्यामुळे तो कायम राहील. त्या माणसाबद्दल आणि कॅमेऱ्याबद्दल त्यात एकही ओळ नव्हती. दुसरं पत्र काल टाकलंय, त्यात शनिवारची वेळ, मशीनची जागा आणि त्याचं वर्णन परत लिहिलंय.