गिरगावात फिरवायचं धिरडं : कॅननची 24 एमएम लेन्स

मी गिरगावात, ठाकुरद्वारला चाळीत वाढलो. आता राहतो डोंबिवलीला, पण महिन्यातले दोन रविवार दादरला गाडी बदलून सकाळी सातच्या आत चर्नी रोडला उतरतो आणि कांदेवाडी, मुगभाट, फडकेवाडी असा फोटो काढत हिंडतो. विषय काही विशेष नसतात. वाळत घातलेले पंचे, लाकडी कठडे, जिन्याखाली लावलेली सायकल, मीटरच्या पेट्या.

पहिली दोन वर्षं कॅमेऱ्याला 55-250 झूम, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, लावून फिरलो. ती लांब नळी वर रोखली की गॅलरीतून पहिला प्रश्न यायचा, "ओ, बिल्डरकडून आलात का?" त्यांचं चुकत नव्हतं. पुनर्विकासाच्या बैठका, सह्या, नोटिसा यांत वर्षं काढलेल्या माणसाला कॅमेरा दिसला की मोजणीच आठवणार. "मी इथलाच हो," असं सांगेपर्यंत कठड्यावरची मंडळी आत गेलेली असायची, आणि माझ्या फोटोत उरायचा नुसता कठडा.

मग बोरा बाजारातून कॅनन ईएफ-एस 24 एमएम एफ/2.8 एसटीएम घेतली, वापरलेली. दुकानातच मागून मोबाइलचा टॉर्च मारून काचेत बुरशीचे धागे नाहीत ना, ते बघितलं. मुंबईचे पावसाळे काढलेली लेन्स घेताना इतकं करावंच, दुकानदार कितीही घाई करो.

चपटी म्हणून हिला पॅनकेक म्हणतात, म्हणजे आपलं धिरडं. जाडी 22.8 मिलीमीटर, म्हणजे खरं तर उत्तप्पाच. वजन 125 ग्रॅम. माझ्या कॅनन 200डी कॅमेऱ्यावर ही लावली की कॅमेरा कापडी पिशवीत भाजीच्या जुडीखाली मावतो, आणि मी ते केलंय. फुल-फ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या, हिशोबात ती साधारण 38 एमएमसारखं दाखवते. म्हणजे समोरच्याशी बोलायला जेवढ्या अंतरावर उभं राहतो, तेवढ्यावरून माणूस, त्याचं दार आणि दारावरचं तोरण एकाच चौकटीत येतं. झूम नाही, त्यामुळे जवळ जावं लागतं. जवळ गेलं की बोलावं लागतं. आता प्रश्न येतो तो, "कोणाकडे आलात?"

उणिवाही सांगतो. हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर नाही, त्यामुळे अंधाऱ्या जिन्यात आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपायची संवेदनशीलता, 1600 किंवा 3200 करून कठड्याला कोपर टेकवायचं. एफ/2.8 ला, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं असताना, कोपरे थोडे काळवंडतात; छिद्र जरा लहान करून एफ/4 ला बरंचसं निवळतं. गल्ल्यांमध्ये मी एफ/5.6 वर ठेवतो आणि विसरतो. फुल-फ्रेम डीएसएलआर असेल तर ही बसणारच नाही, विचारही करू नका. काचेवर आडवं ऊन पडू नये म्हणून लावायचा हूड वेगळा घ्यावा लागतो. मी नाही घेतला, हात आडवा धरतो.

खरी अडचण मात्र माझ्याकडच्या कुठल्याच लेन्सने सुटत नाही. गल्ली अरुंद, मागे सरकायला जागा नाही, म्हणून कॅमेरा वर करायचा, की चार मजली चाळ मागे रेलल्यासारखी दिसते. माझ्यापुरता उपाय एकच, समोरच्या इमारतीत अर्ध्या उंचीवर जाऊन कॅमेरा सरळ धरायचा. पण तिथे कोणाची तरी गॅलरी असते. खोताच्या वाडीत तर दारापुढची पायरीसुद्धा कोणाची तरी असते; तिथली लाकडी घरं कितीही देखणी असोत, मी विचारल्याशिवाय कॅमेरा काढत नाही.

गेल्या महिन्यात एका गल्लीत असाच मान वर करून चडफडत होतो. दुसऱ्या मजल्यावरून एक काकू मिनिटभर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, खालून काय दिसणार? वर ये." गेलो. त्यांच्या गॅलरीतून समोरची चाळ काटकोनात उभी राहिली, मधले दोन मजले कडेपर्यंत. पाच मिनिटांत काम झालं. चहा होईपर्यंत त्यांनी माझं आडनाव, गाव आणि ठाकुरद्वारची जुनी खोली कितव्या मजल्यावर होती, सगळं काढून घेतलं.

निघताना म्हणाल्या, "समोरच्यांचा काढलास, आमच्या दाराचा नंबर काढ की. खोली रिकामी केली की हा पत्रा भंगारात जाणार." निळ्या पत्र्यावर पांढरा आकडा, एक कोपरा गंजलेला. ही लेन्स 16 सेंटीमीटरपर्यंत जवळचं टिपते, त्यामुळे गंजाची खवलंसुद्धा आली.

मी फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतो म्हटलं. "मोबाइलवर नको. कागदावर दे, मोठा." आठ बाय दहाची प्रिंट काढून ठेवलीय. येत्या रविवारी नेऊन देतो.