विवाहपूर्व वर्गात भेटलेले प्रेमाचे चार शब्द

लग्नाची नोंदणी करण्यासाठी आम्ही दोघे चर्चच्या कार्यालयात गेलो, तेव्हा लागणाऱ्या कागदपत्रांच्या यादीत स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) दाखल्याखालोखाल विवाहपूर्व वर्गाच्या प्रमाणपत्राचा उल्लेख होता आणि फादरांनी त्याखाली पेनाने दोन रेघा ओढून ठेवल्या होत्या. प्रमाणपत्र हवे म्हणून दोन दिवस बसून यायचे, एवढ्याच तयारीने आम्ही गेलो. प्रत्यक्षात त्या दोन दिवसांत आम्हाला एकमेकांविषयी जे कळले, ते चार वर्षांच्या ओळखीत कळले नव्हते, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. वर्गात ज्या उणिवा जाणवल्या त्याही सांगणार असल्यामुळे धर्मग्रामाचे (पॅरिशचे) नाव देत नाही. वसई तालुक्यातील एका चर्चच्या सभागृहात हा वर्ग झाला, एवढे पुरे.

वर्ग ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील एका शनिवारी आणि रविवारी होता. या काळात आपल्याकडे लग्ने सहसा होत नाहीत, त्यामुळे सभागृह मोकळे असते आणि पुनरुत्थानाच्या सणानंतर (ईस्टरनंतर) ज्यांची लग्ने ठरलेली असतात अशी जोडपी एकाच वेळी येतात. आम्ही अठरा जोडपी होतो. दोघांचे मिळून बाराशे रुपये शुल्क होते आणि त्यात नाश्ता व दोन्ही दिवसांचे दुपारचे जेवण आले. सगळे कामकाज मराठीतून चालले, ही माझ्या दृष्टीने फार मोलाची गोष्ट होती, कारण आपण घरी ज्या भाषेत रुसतो आणि समजूत काढतो त्याच भाषेत संसाराविषयी कोणी बोलू लागले, की ऐकणाऱ्याला पळवाट उरत नाही.

पहिल्या सत्रात फादरांनी फळ्यावर चार ग्रीक शब्द देवनागरीत लिहिले: स्तोर्गे, फिलिया, एरोस आणि अगापे. पहिल्याचा अर्थ सांगताना त्यांनी 'माया' आणि 'लळा' हे शब्द वापरले. सहवासाने, न ठरवता, घरच्या माणसांवर जडते ती माया. फिलिया म्हणजे सख्य, एकाच दिशेने पाहणाऱ्या दोघांची मैत्री. एरोस म्हणजे ओढ, आपल्याला हवे असलेले माणूस आपले व्हावे ही आस. आणि अगापे म्हणजे समोरच्याचे भले व्हावे म्हणून आपल्या इच्छेने, प्रसंगी आपले काही गमावून दिलेली प्रीती. इतके सांगून ते थांबले असते, तर हा वर्ग मी विसरूनही गेले असते. त्यांनी पुढे एक प्रश्न विचारला: या चारांपैकी श्रेष्ठ कोणती? सगळ्यांनी एका सुरात 'अगापे' म्हटले, तेव्हा ते म्हणाले, "मग ज्या नवऱ्याला बायकोची ओढच नाही, पण जो कर्तव्य म्हणून तिची सेवा करतो, त्याच्याबरोबर तुमच्यापैकी कोणाला राहायला आवडेल?" सभागृहात कोणी बोलले नाही.

या प्रश्नामागे ख्रिस्तसभेची मोठी शिकवण आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ साली आपल्या पहिल्याच विश्वपत्रात, म्हणजे साऱ्या ख्रिस्तसभेला लिहिलेल्या पत्रात, हाच मुद्दा मांडला होता, की ओढ आणि निरपेक्ष प्रीती या एकमेकींच्या वैरिणी नव्हेत. एरोस अगापेकडे वळला नाही तर तो स्वार्थी होतो, आणि माणूस केवळ देत राहू शकत नाही, त्याला घ्यावेही लागते. ख्रिस्ती माणसाने ओढीची लाज बाळगावी असा समज आपल्या घरांत खोल रुजलेला आहे. तो समज फादरांनी पहिल्या तासातच, कोणालाही न दुखावता, बाजूला सारला. माझ्या मते या वर्गाचे सर्वांत मोठे यश हेच आहे. चार शब्दांची उतरंड न रचता त्यांनी दाखवून दिले, की माया, सख्य आणि ओढ यांपैकी प्रत्येक गोष्ट कधी ना कधी आटते, आणि ती पुन्हा झरेपर्यंत घर धरून ठेवण्याचे काम अगापे करते.

दुपारच्या सत्रात संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय घेतला होता. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबजीवनावर जे पत्रक काढले, त्याच्या चौथ्या अध्यायात या ओळींचा एकेक शब्द सोडवून दाखवला आहे, आणि वर्गातील मांडणी त्यावरच बेतलेली होती. आम्हाला प्रत्येकाला त्या ओळी छापलेला कागद दिला गेला आणि 'प्रीती' या शब्दाच्या जागी स्वतःचे नाव घालून मनातल्या मनात वाचायला सांगितले. जिथे वाचवेना तिथे पेन्सिलने खूण करायची. सहनशील, परोपकारी, हेवा न करणारी, इथपर्यंत मी कशीबशी आले. अपकारांचा हिशेब ठेवत नाही, या ठिकाणी मात्र माझी पेन्सिल थांबली. कोणत्या तारखेला कोण काय बोलले हे मला वर्षानुवर्षे आठवते आणि भांडणात मी ते उपयोगात आणते. शेजारी पाहिले, तर माझ्या होणाऱ्या नवऱ्याने खूण केली होती ती 'सर्व काही सहन करते' या शब्दांवर. त्याने ती का केली हे त्या दिवशी मी विचारले नाही. दोन आठवड्यांनी त्यानेच सांगितले.

रविवारी सकाळी एक ज्येष्ठ जोडपे बोलायला आले होते. लग्नाला एक्केचाळीस वर्षे झालेली, काकूंच्या उजव्या अंगावरून वारे गेलेले. काका व्याख्यान देण्यासाठी आले आहेत असे वाटतच नव्हते, ते घरातले बोलावे तसे बोलत होते. आजारपणानंतर काकूंची वेणी घालायचे काम त्यांच्याकडे आले, आणि तीन पेड सारखे घ्यायला शिकण्यात त्यांचे तीन महिने गेले, हे ते सांगू लागताच काकू मध्येच म्हणाल्या, "तीन नाही, पाच. आणि अजूनही सैल घालतात." आम्ही सगळ्यांनी त्यांच्या वेणीकडे पाहिले. खरोखरच सैल होती, आणि शेवटी काळ्या रबराऐवजी फळांच्या पिशवीला असते तसले पिवळे रबर लावलेले होते. काकांनी चारपैकी एकही ग्रीक शब्द उच्चारला नाही, तरी ओढ, माया, सख्य आणि निरपेक्ष प्रीती या चार गोष्टी एकाच माणसाच्या बोटांत कशा राहतात, हे त्या वेणीने दाखवले. ज्यांना हा वर्ग घ्यायचा आहे त्यांनी आपल्या धर्मग्रामात असे जोडपे बोलावतात का, हे आधी विचारावे. माझ्या मते वर्गाचा अर्धा उपयोग त्यावर ठरतो.

त्यानंतरचे सत्र पैशांविषयी होते आणि त्यातील कृती अगदी साधी होती. दोघांनी वेगवेगळ्या टेबलांवर बसून पाच प्रश्नांची उत्तरे लिहायची: पगार किती, कर्ज किती, आईवडिलांना दरमहा काय देता, लग्नानंतर काय देणार, आणि जोडीदाराला यांपैकी काय ठाऊक नाही. मग कागद बदलायचे. माझ्या हातात आलेल्या कागदावर लिहिले होते, की तो धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी दरमहा आठ हजार रुपये देतो आणि आणखी दोन वर्षे देणार आहे. रकमेचे मला काहीच वाटले नाही, पण ती लपवली गेली याचे वाईट वाटले. सत्र चालवणाऱ्या सिस्टरांनी आमचे चेहरे पाहिले असावेत, कारण त्या जवळ येऊन इतकेच म्हणाल्या, की बहिणीवरची माया आणि बायकोवरची ओढ यांना एकमेकींपासून लपवून ठेवले, की त्या एकमेकींच्या सवती होतात. त्या दिवशी आम्ही परतीच्या लोकलमध्ये नालासोपाऱ्यापर्यंत एक शब्दही बोललो नाही, आणि त्यानंतर बराच वेळ बोललो.

आता उणिवांकडे वळते. आम्हाला दिलेल्या पुस्तिकेत 'बायबलमध्ये प्रेमासाठी चार शब्द आहेत' असे ठळक अक्षरांत छापले आहे. हे खरे नाही. नव्या करारात 'एरोस' हा शब्द एकदाही येत नाही, आणि 'स्तोर्गे' सुटा येत नाही. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात तो बंधुप्रेमाविषयी बोलताना जोडशब्दाच्या रूपात भेटतो. अगापे म्हणजे केवळ दैवी प्रीती, हेही ग्रीक पाठाला धरून नाही. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात दाविदाचा मुलगा अम्नोन याला सावत्र बहीण तामार हिच्याविषयी वाटणाऱ्या, आणि पुढे तिच्यावर बलात्कार करण्यापर्यंत गेलेल्या वासनेसाठीही याच कुळातील शब्द वापरले आहेत. योहानाच्या शुभवर्तमानात तिबिर्या सरोवराच्या किनाऱ्यावर येशू पेत्राला 'माझ्यावर प्रेम करतोस का' असे तीनदा विचारतो, तो प्रसंग फादरांनी 'प्रीती' आणि 'प्रेम' असे दोन शब्द योजून फार सुंदर सांगितला. पण तिथल्या दोन ग्रीक क्रियापदांत खरोखर अर्थभेद अभिप्रेत आहे की नाही, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही, कारण पित्याचे पुत्रावरील प्रेम सांगताना हाच योहान एकदा एक आणि एकदा दुसरे क्रियापद वापरतो. चार प्रकारांची विभागणी समजून घेण्यासाठी उपयोगी आहे, आणि ती तशीच सांगावी. शास्त्रवचनाचा दाखला द्यायचा, तर तो नेमका असायला हवा, कारण अठरापैकी एखादे तरी जोडपे घरी जाऊन पडताळून पाहते.

दुसरी उणीव अधिक लागली. पहिल्या सत्रात एरोसला इतका मान दिल्यावर शारीरिक जवळिकीविषयीचे सत्र चाळीस मिनिटांत उरकले गेले. डॉक्टरांनी नैसर्गिक कुटुंबनियोजनाचे तक्ते भराभर पुढे सरकवले, प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायला सांगितले आणि चिठ्ठ्या वाचण्याआधीच जेवणाची घंटा झाली. 'गीतरत्न' हे पवित्र शास्त्रातील प्रणयकाव्याचे पुस्तक कोणी उघडलेही नाही. त्या काव्यात तरुणी स्वतः बोलते, स्वतः प्रियकराला शोधायला निघते. आपल्या मुलींना ओढ व्यक्त करणे हे निर्लज्जपणाचे वाटते, त्यांना ते पान दाखवायला यापेक्षा योग्य जागा कोणती असेल?

तिसरी गोष्ट सासरविषयीच्या सत्राची. त्यात रूथचे शब्द वाचले गेले: तू जाशील तिथे मी येईन, तुझे लोक ते माझे लोक. लग्नपत्रिकांवर हे शब्द नवरा-बायकोंसाठी छापले जातात, पण मुळात ते सुनेने सासूला म्हटलेले आहेत, हे वक्त्यांनी बरोबर सांगितले. मात्र त्यावरून त्यांनी सुनांना सासूची आज्ञा पाळण्याचा उपदेश केला, तो मला पटला नाही. नामीने दोन्ही सुनांना परत माहेरी जायला सांगितले होते. अर्पा गेली आणि तिला कोणी दोष दिला नाही. रूथ राहिली ती मोकळीक मिळाल्यावर, स्वतःच्या मनाने. सासूने आधी दार उघडे ठेवले म्हणून त्या मायेला मोल आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आईवडिलांना सोडणारा पुरुष आहे, याकडेही मी प्रश्नोत्तरांच्या वेळी लक्ष वेधले. फादरांनी ते मान्य केले आणि पुढच्या वर्गात हा मुद्दा वरांसाठी घेऊ असे सांगितले. टीका ऐकून घेण्याची ही तयारी मला मनापासून आवडली.

वर्गात दोन जोडपी अशी होती, की ज्यांतील एक जण हिंदू होता. त्यांना वेगळे बसवले गेले नाही, बाप्तिस्म्याविषयी कोणी आडून सुचवलेही नाही, आणि बिशपांची परवानगी कशी मिळते हे त्यांना स्वतंत्र वेळ देऊन समजावले गेले. फक्त उदाहरणे सगळी परदेशी होती. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी काढलेली ताटातुटीची वर्षे, पुन्हा उभा राहिलेला संसार, पुढे त्यांनी स्वतःच्या विचाराने घेतलेला बाप्तिस्मा, आणि नवऱ्यामागे त्यांनी पूर्ण केलेले त्याचे येशूच्या जीवनावरचे अपुरे काव्य 'ख्रिस्तायन' हे सगळे मराठीत हाताशी असताना दूरच्या गोष्टी कशाला आणाव्यात, असे मला राहून राहून वाटले. धर्म वेगळा झाल्यावर माया, सख्य आणि ओढ यांचे काय होते, हे त्या दोन जोडप्यांना लक्ष्मीबाईंनी सर्वांत चांगले सांगितले असते.

ज्यांना हा वर्ग करायचा आहे त्यांना एकच सूचना करीन, की तो लग्नाच्या निदान सहा महिने आधी करावा. आमच्याबरोबरच्या एका जोडप्याचे लग्न तीन आठवड्यांवर आले होते. पैशांच्या सत्रात त्यांनी कागद बदलले, पण मंडपवाल्याचा फोन आला म्हणून ते न वाचताच घडी घालून खिशात ठेवले. आमचे दोन्ही कागद माझ्या बायबलमध्ये आहेत. पौलाच्या ओळींवरच्या पेन्सिलच्या दोन खुणांपैकी त्याची मी अजून खोडलेली नाही, आणि माझी त्याने खोडू दिलेली नाही.